न बघितलेलं रान

आमच्यात एक रीत आहे. मेंढरं घेऊन नव्या रानाकडे निघायच्या आधी घरातलं कुणीतरी एकटं पुढं जातं. पाणी कुठं आहे, बांधावर गवत कसलं आहे, मालक माणूस म्हणून कसा आहे, एवढं बघून येतं. मगच वाडा, म्हणजे माणसांचा नि मेंढरांचा तळ, हलतो. न बघितलेल्या रानात आम्ही मेंढरं नेत नाही.

त्यामुळं माझी इथिओपियाला जायला निवड झाली हे घरी सांगितलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, पहिल्यांदा हेच विचारलं, "ततं रान बघून कोण आलंय?"

मी सांगलीला शेतीच्या कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आम्हा काही विद्यार्थ्यांना तीन महिने तिकडच्या कोरडवाहू भागात, मेंढपाळांच्या कुरणांचा अभ्यास करायला जायचं होतं. आमच्यातलं कुणीच तिथं गेलेलं नव्हतं. सर म्हणाले होते, गेल्यावर सगळं कळतं. मी तेच आबांना सांगितलं.

"गेल्यावर कळतं ते चुकल्यालं कळतं," आबा म्हणाले.

आईनं चुलीपुढून विचारलं, "तीन म्हैनं ततं काय बघणार?"

"मेंढरं."

"मेंढरं बघाय इमानानं जातीस व्हय? दारात हायती की. बघ किती बघतीस ती."

मला हसू आलं, पण तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी मोबाईलवर नकाशा उघडला. बोटानं लहान केला, मोठा केला. देश संपतच नव्हता. आपल्या जत तालुक्याएवढी जागा त्यात कुठं मावेल हे मी आबांना दाखवायला गेले आणि मधेच थांबले, कारण आबांना तो नकाशा दिसत नव्हता.

आबांच्या डोळ्यांचं असं आहे की समोरचं दिसतं, पण धुक्यातून बघितल्यासारखं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की गेलेली नजर परत येणार नाही, औषधाच्या थेंबांनी उरलेली टिकली तर टिकेल. म्हणून दोन वर्षं झाली, रान बघायला मोटरसायकलवरून मी जाते. दिवाळीनंतर आमची मेंढरं पलूसकडं, नदीकाठाला उतरतात. तिकडचे शेतकरी खतासाठी ती रिकाम्या रानात बसवून घेतात. एक रान झालं की पुढचं, असं उन्हाळ्यापर्यंत चालतं. आता बांधाबांधावर तणनाशक मारतात. मारल्यावर पहिले काही दिवस गवत फक्त शेंड्याला पिवळं पडतं. ते ज्याला दिसलं नाही त्याची मेंढरं जातात. शेजारच्या वाड्यातली अशीच गेली होती.

आणि इथिओपियाला जायचं होतं ते दिवाळीनंतरच. तेव्हा रान बघायला कोण जाणार, हा प्रश्न होता. त्यामुळं मला जड जात होतं.

दिवाळीआधी पहिलं रान बघायला पलूसला जायचं ठरलं, तेव्हा आबा मोटरसायकलवर माझ्या मागं बसले. "मी बी येतो," एवढंच म्हणाले. ज्यांच्याकडं जायचं होतं ते फौजेतून निवृत्त झालेले बागायतदार. हुद्दा कुठलाही असो, सगळा गाव त्यांना मेजर म्हणतो. त्यांचं सोयाबीन निघालेलं रान दरवर्षी आमच्याकडं असतं.

मेजर गोठ्यातच भेटले. आबांना बघून म्हणाले, "आज साहेब सोता आलं? पोरीनं राजीनामा दिला का काय?"

"इथोपियाला निघालीया," आबा म्हणाले. "मेंढरं बघाय."

मेजर हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. "मी होतो की त्या बाजूला," ते म्हणाले. "शांतिसेनेत. इथोपियाच्या सरहद्दीवर."

आबा गोठ्यातल्या बाजेवर टेकले होते, ते पुढं सरकले. रान बघून आलेला माणूस सापडला होता. "मग सांगा. पाणी कसं हाय?"

"आमाला ट्यांकर यायचा."

"लोकं?"

मेजर म्हणाले, "खरं सांगू का? आमी छावनीत, तारंच्या आत. लोकं तारंच्या भाईर. बाया डोक्यावनं, पाठीवनं पाणी घिऊन जायच्या, ते दिसायचं. हात हालवायची पोरं. एकदा एका म्हाताऱ्यानं कॉफी आणली तारंपतूर, ती बी साहेबानं पिऊ दिली न्हाई. माळ मातूर लय मोठा. बघून बघून डोळं दुखायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तेवढंच ठावं हाय बघ मला. उगं थापा कशाला मारू?"

आबांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "चला, रान बघू."

मी पुढं व्हायला लागले, तर त्यांनी हातानं मला मागं ठेवलं. एकटेच बांधावरून चालत गेले. मधे वाकले, माती चोळली, गवत उपटून वास घेतला. परत येऊन म्हणाले, "झ्याक हाय."

पण ओढ्याकडच्या बांधावर गवताचे शेंडे पिवळे होते. मला लांबूनच दिसत होते. ते बोलून दाखवावं की न दाखवावं, मला कळेना. बोलले तर मेजरांसमोर आबांची नजर उघडी पडणार होती. आणि मी तीन महिने जायचं की नाही, त्याचंही उत्तर मीच माझ्या तोंडानं दिल्यासारखं होणार होतं.

"आबा, त्यो वड्याकडचा बांध," मी म्हणाले.

आबा तिकडं बघत राहिले. मग मेजरांकडं वळले. जन्मात त्यांनी कुठल्या मालकाला हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. रान आपण बघायचं असतं, मालकाला विचारायचं नसतं. "मेजर," ते म्हणाले, "औषध मारलंय का?"

"व्हय की. परवाच. सांगायचंच ऱ्हायलं गड्या."

परतताना कवठे महांकाळला चहाला थांबलो. आबांनी बशीत ओतलेला चहा निवून गेला तरी प्यायला नव्हता. मी म्हणाले, "आबा, मी न्हाई जात. पुढच्या साली बघू."

"माजी नजर पुढच्या साली वाढणाराय व्हय?"

मग बशी उचलून ते म्हणाले, "मी पैल्यांदा नदीला उतरलो तवा बघून कोण आलं हुतं? म्होरं जाणाऱ्याच्या म्होरं कोण नसतंय. तू बघून ये. पाणी कुठं हाय, गवत कसलं हाय, माणसं कशी हायती. आल्यावर सांग."

"आणि हितलं?"

"हितलं इचारीन."

मी सरांना होकार कळवला. सरांनी अभिनंदन केलं.

निघायच्या आधल्या सकाळी आबांनी मला मेजरांचा फोन लावून द्यायला सांगितलं. "आवं मेजर, आमी येस्तवर आता बांधाला औषध मारू नगासा," ते म्हणाले. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. फोन परत देताना आबा म्हणाले, "व्हय म्हनत्यात."

मेजर व्हय म्हणणारच होते. पण त्यांच्या रानानंतरच्या मालकांनाही आबांना असंच विचारावं लागणार होतं, आणि ती रानं कुणाकुणाची, ते मला पाठ होतं. मी एकेक नाव सांगत गेले आणि आबा ते पुन्हा म्हणत गेले.