विरूपाक्ष अप्पांनी बंद केलेलं लॉगिन

विरूपाक्ष अप्पांवर मी चोरीचा संशय घेतला होता.

आज सकाळी उदगीरला अप्पा गेले, लिंगैक्य झाले. त्यांच्या मुलीचा मेसेज आला. म्हणून हे आजच लिहायला पाहिजे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळातली गोष्ट. मी लातुरात एका खासगी संस्थेत कॉन्ट्रॅक्टवर होते. गावोगावी टँकर पाठवायचे आणि फेऱ्यांची यादी ठेवायची, हे आमचं काम.

यादी असायची उदगीर शाखेतल्या कॉम्प्युटरवर. लिनक्सचा जुना डेस्कटॉप. मी लातूरहून रिमोट लॉगिन करून रोज ती बघायची.

तिथले ऑपरेटर अप्पा. पन्नाशी उलटलेली, कपाळाला विभूती, बोलणं तुटक.

तेव्हा उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती. ऑफिसात कोणी मोकळं बोलत नव्हतं. कोण तिकडं जाणार, कोणाची खुर्ची जाणार, सगळे एकमेकांचा अंदाज घेत होते.

अशात एका सोमवारी माझं लॉगिन होईना.

'कनेक्शन रिफ्यूज्ड.'

मशीन बंद असतं तर काही उत्तरच आलं नसतं. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर व्यवस्थित येत होतं. म्हणजे मशीन चालू होतं, बाहेरून आत घेणारी सर्व्हिस, एसएसएच, तेवढी बंद.

अप्पांना फोन लावला.

"अप्पा, एसएसएच बंद पडलं का?"

"पडलं न्हाई. मी बंद केलं."

"का?"

"फोनवर न्हाई सांगत. इकडं या."

फोन कट.

आमचे कोऑर्डिनेटर सर हसले. "यादीत गडबड करून राहिलाय म्हातारा. नवीन जिल्ह्यात बस्तान बसवायचंय त्याला."

मला पटलं. खरं सांगते, लगेच पटलं. एका तांड्यावरून त्याच आठवड्यात दोनदा फोन आला होता, टँकर येत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन एसटीनं उदगीरला गेले. अप्पांना कसं पकडायचं, एवढंच वाटभर डोक्यात.

अप्पांनी ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. कीबोर्डवरचा हातही काढला नाही.

"पासवर्ड कोणाला दिला तुम्ही?"

"कोणाला नाही."

त्यांनी लॉग उघडला, कोण कधी आत आलं त्याची नोंद. ओळीमागून ओळ. माझं नाव, पासवर्ड ॲक्सेप्टेड, आमच्या लातूर ऑफिसचा ॲड्रेस. रोज दुपारी दीडनंतर.

आणि रोज त्यानंतर यादीत तांड्याच्या तीन फेऱ्यांची एक झालेली.

"मी रोज तीन करतो. कोणीतरी एक करायलंय. तुमच्या नावानं." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "तुम्हीच का?"

मी त्यांना चोर समजून आले होते. ते मला चोर समजून बसले होते.

"अप्पा, दीडला मी घरी जेवायला जाते."

"मंग कोण?"

तेव्हा आठवलं. बहिणीच्या लग्नाला सुट्टी घेतली, तेव्हा पासवर्ड कोऑर्डिनेटर सरांना दिला होता. परत बदललाच नाही.

ते अप्पांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, कळेना.

"लॅपटॉप काढा," म्हणाले.

माझ्या लॅपटॉपवर 'की', म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, तयार केली, त्यांच्या मशीनवर टाकली. पासवर्डनं लॉगिन होणं कायमचं बंद केलं. मग अप्पांनी सर्व्हिस चालू केली.

"आता या आत."

झालं लॉगिन. तांड्याच्या फेऱ्या मी पुन्हा तीन केल्या.

अप्पांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो आधी टाळत होता, मग बोलला. दोन फेऱ्या रोज एका मंगल कार्यालयाला जात होत्या. तसा सरांचा निरोप होता.

"आज आधी तांडा," अप्पा म्हणाले.

तांड्यावरून एका बाईचा फोन येईपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत. "आलं बघा पाणी," ती म्हणाली. तेव्हा कुठं त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत त्यांनी संस्थेच्या प्रमुखांना तक्रारीचा अर्ज लिहिला. लॉगचं प्रिंटआउट जोडलं. सही केली आणि पेन माझ्याकडं सरकवलं.

"करा."

"अप्पा, माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय..."

त्यांनी पेन परत घेतलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

अर्ज अप्पांच्या एकट्याच्या सहीनं गेला. कोऑर्डिनेटरांची नोकरी गेली, पण दोन महिन्यांनी. त्याआधी अप्पांना काढलं.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

पुढं अप्पांनी घरातच कॉम्प्युटर क्लास काढला. एकदा मी तिथं गेले होते. मला बघून 'शरणु शरणार्थी' म्हणत हात जोडले, मग पोरींना म्हणाले, "ह्या ताई लातूरच्या. लई हुशार हायत." त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीही नाही. चहा प्यायले आणि निघाले.

अप्पा, त्या अर्जावर दोन सह्या पाहिजे होत्या. तुमच्यासमोर हे बोलायला तोंड उघडलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

माफ करा.

शरणु शरणार्थी, अप्पा.