रिकाम्या खोलीतलं पाव्हणं

"अक्का, अप्पा बसलेत. उठंनात."

फोनवर एवढंच आलं. बोलणारा आमच्या गावचा मेंढपाळ, डोंगराच्या माथ्यावरून. मी दुकानात, हातात साखरेची पुडी, समोर गिऱ्हाईक. मी उलट त्याच्यावरच खेकसले, "बसलाय तर बसू दे की! दमला आसंल. पाणी पाज त्याला." कारण माझ्या डोक्यावरच्या फळीवर दिवा हिरवा होता, आणि दिवा हिरवा म्हणजे मन्मथ ठीक, असं आमचं ठरलेलं. मेंढपाळ हळूच म्हणाला, "अक्का, गडीमाणसं पाठवा वर." तेव्हासुद्धा मी आधी दिव्याकडे बघितलं. हिरवाच होता… आज काही आठवडे झाले, अजून हिरवाच आहे.

मन्मथ माझा धाकटा भाऊ. गाव त्याला अप्पा म्हणायचं, मी मनू. संभाजीनगरला एका पॉलिटेक्निकात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. लग्न केलं नाही, आणि त्या विषयावर बोलायचं नाही असं त्यानं मला एकदा दम देऊन सांगितलं होतं. छातीत दुखलं, स्टेंट बसले, डॉक्टरांनी चढ चढायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा नोकरी सोडून तो माझ्याकडे आला. "दोन दिवस राहतो, अक्का." माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान मीच बघत होते, आणि दुकानामागची खोली रिकामी, म्हणजे तेलाचे डबे नि गुळाच्या ढेपा. त्यानं ढेपा एका अंगाला सारल्या, खाट टाकली, आणि दोन दिवसांचं पाव्हणं कायमचं राहिलं. मला आत बरंच वाटलं. तोंडानं मात्र मी रोज विचारायची, "कधी जाणार हायस?" तो म्हणायचा, "ढेपा संपल्या की." ढेपा काय, नव्या येतच राहायच्या.

आमचं गाव केज तालुक्यातलं, पण डोंगराच्या पोटात. केज हाकेच्या अंतरावर म्हणा ना, तरी मधे डोंगर आडवा, म्हणून मोबाईलला रेंज नाही. उपकेंद्राच्या सिस्टरबाईंना डॉक्टरांशी एक शब्द बोलायचा तर शाळेमागच्या टेकाडावर पळायचं; तोवर पेशंटचं काय व्हायचं ते होऊन जायचं. मन्मथला हे बघवेना. त्यानं आपल्या जुन्या ओळखीच्या एका संस्थेला गळ घातली, प्रयोग म्हणून सरकारी परवानगी मिळवली, आणि डोंगरावर टॉवर उभा राहिला. उपकेंद्रावर, शाळेवर नि माझ्या दुकानावर एकेक अँटेना, खाली एकेक पेटी. मी म्हणाले, हे काय काढलंस? तर मला समजावत बसला. टीव्हीच्या वाहिन्यांना हवेत जागा राखून ठेवलेल्या असतात, आपल्याकडे त्यातल्या बहुतेक रिकाम्या. "लहानपणी बटण फिरवलं की मुंग्या दिसायच्या बग, अक्का. त्या मुंग्यांच्या जागा. त्या लहरी डोंगराच्या कडेनं वाकून येतात, लिंबाच्या झाडातून आरपार येतात. त्याच्यावर इंटरनेट आणायचं."

"दुसऱ्याच्या जागेत? उद्या उठिवतील की!"

"उठिवायच्या आधी आपणच उठायचं. आपण रिकाम्या खोलीतलं पाव्हणं. पेटी आधी ऐकती. तिथं कुणी टीव्हीवाला, बिनवायरचा माईकवाला बोलाय लागलाय का? न्हाई, तर आपण बोलायचं. मधेच खोलीचा मालक आला, की मुकाट्यानं उठायचं नि दुसरी रिकामी खोली बघायची." पेटी ऐकत असली, खोली शोधत असली की तिचा दिवा पिवळा. जागा मिळाली, बोलायला लागली की हिरवा.

गावानं त्यातला एकच शब्द उचलला. इंटरनेटला आमच्याकडं कुणी इंटरनेट म्हणत नाही, पाव्हणं म्हणतात. "अक्का, पाव्हणं हाय का घरी?" असं विचारत पोरं दुकानात येतात. शेजारच्या घरी तेलगावची मंडळी मुलगी बघायला आली होती, ताटं वाढलेली, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी बोंबललं, "पाव्हणं उठलं का बे?" तेलगावकरांचा घास हातातच राहिला. मुलीचे वडील हात जोडून सांगताहेत, तुमी न्हाई हो, तुमी बसा… आणि मन्मथ आमच्या ओट्यावर पोट धरून हसतोय. सोयरीक जमली शेवटी, पण ते व्याही अजून जेवताना दाराकडं कान देतात.

हसण्यावारी नेलं तरी मला या कारभाराची धास्तीच होती. टॉवर डोंगरावर. वारं सुटलं, बॅटरी उतरली, माकडांनी वायर ओढली, की मन्मथ निघाला वर. संस्थेचे लोक फोनवर म्हणायचे, माणूस पाठवतो. पाठवतो म्हणणाऱ्यांचा माणूस कधी आला आहे का? मी भांडायची, पायरीवर आडवी उभी राहायची. तो मी बोलून संपेपर्यंत ऐकून घ्यायचा, मधे एक शब्द बोलायचा नाही, आणि मी श्वास घ्यायला थांबले की चपला घालायचा. पेटीला त्यानं ऐकायला शिकवलं की पेटीनं त्याला, कोण जाणे. मला त्या गप्प बसण्याचा भयंकर राग यायचा.

मग तो सप्ताह आला. आम्ही लिंगायत; आमच्याकडं दरवर्षी शिवनाम सप्ताह बसतो, सात दिवस भजन-कीर्तन. त्या साली मंडपवाल्यानं हौसेनं बिनवायरचे माईक आणले, महाराजांना एक, मृदंगवाल्याला एक, टाळकऱ्यांना वेगळे. दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं आणि माझ्या फळीवरचा दिवा पिवळा झाला. होईल हिरवा म्हणून मी वाट बघते, तर होईचना. तेवढ्यात सिस्टरबाई पळत आल्या, डोळ्यांत पाणी. "अप्पा, पाव्हणं उठलं! बाळंतीण झाली, लेकरू रडत न्हाई, डॉक्टर केजवरनं मला दाखवत होते नि बंदच पडलं!" मन्मथच्या लगेच ध्यानात आलं. आम्हाला परवानगी मोजक्याच खोल्यांची, आणि त्या साऱ्या माईकवाल्यांनी भरल्या होत्या. बाई म्हणाल्या, "अप्पा, पाव्हण्याचं ऐकायचं बंद करता येत न्हाई का? सरळ बोलू द्या की त्याला!" तो म्हणाला, "करायचं तरी डोंगरावर जावं लागतंय. मंडप जवळ हाय." आणि तो पळाला. मी पाठीमागं ओरडतेय, "मनू, पळू नको! पळू नको रे!" तर त्याला ऐकू येईना. जन्मभर सगळ्यांचं ऐकलं, माझं तेवढंच ऐकलं नाही.

मंडपात तो सरळ पुढं गेला आणि हात जोडून उभा राहिला. महाराज चरणाच्या मध्यात होते. हा उभा! तिकडं लेकरू निळं पडतंय आणि हा चरण संपायची वाट बघतोय! मला वाटलं, जाऊन एक मुस्काटात द्यावी. महाराजांनी श्वास घेतला तसा तो बोलला, "शरणार्थ, महाराज. सगळे माईक बंद करता का? एक लेकरू अडलंय." मंडपात गलका झाला. एक जण उठून म्हणाला, "तुजं मशीन बंद कर की बे! कीर्तन कावून बंद करायचं?" महाराजांनी मात्र काही विचारलं नाही. गळ्यातला माईक काढून खाली ठेवला, टाळकऱ्यांना खूण केली, आणि उघड्या गळ्यानं पुढचा चरण उचलला. मागच्या बायाबापड्या सरकून पुढं आल्या. मी उपकेंद्राकडं धावले. दिवा हिरवा झालेला, डॉक्टर पडद्यावर, सिस्टरबाई लेकराच्या पाठीवर चोळताहेत… आणि ते रडलं. आता ते कार्टं माझ्या दुकानातल्या पेपरमिंटच्या गोळ्या चोरतं. मी बघून न बघितल्यासारखं करते.

परत येऊन बघते तर मन्मथ मंडपाच्या खांबाला टेकून बसलेला. घामानं सदरा भिजलेला, ओठ पांढरे. मला बघून हसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला गळ्यातल्या लिंगाची आण घातली, वर गेलास की मला कळव, नाहीतर मी स्वतः मागोमाग चढीन. डोंगरमाथ्यावर पलीकडच्या टॉवरची रेंज येते, आणि दुकानात पाव्हण्यावर फोन लागतो. पण फोन नको म्हणाला. "फोन केला की तू अर्धा तास बोलतीस. दिवा बरा, तो रागवत न्हाई." मग असं ठरलं की वर पोचला की तो हातानं वाहिनी बदलणार. माझा दिवा क्षणभर पिवळा होणार, मग हिरवा. पिवळा म्हणजे अक्का, पोचलो. हिरवा म्हणजे ठीक आहे. तो निघाला की माझं दुकानात लक्ष नसायचं. मीठ मागितलं तर साखर द्यायची. मान वर, डोळा फळीवर. पिवळा झाला की तराजू हातातच राहायचा, हिरवा झाला की मी मोठ्यानं म्हणायची, "उतर आता." गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. काही जण माझ्याआधीच म्हणायचे.

त्या दिवशी आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं बॅटरीचं काही बिघडलं होतं. मी दशमी बांधून दिली, वर चार शब्द सुनावले. तो नेहमीसारखा ऐकून घेऊन गेला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ गेला. माझा जीव टांगणीला. मग दिवा पिवळा झाला. मी थांबले… हिरवा झाला. "उतर आता," म्हणाले आणि पुड्या बांधायला बसले. त्या दिवशी इतकं हलकं वाटलं होतं की गिऱ्हाइकाला उधारीवरून बोललेसुद्धा नाही. ऊन चढलं तरी तो आला नाही, तरी मी म्हणत होते, हिरवा आहे, बसला असेल कुठं सावलीला. आणि मेंढपाळाचा फोन आला.

टॉवरच्या पायाला टेकून बसलेला होता. आमच्यात माती देताना देह बसवूनच देतात. चारचौघं म्हणाली, "बसूनच गेले, बसूनच लिंगैक्य झाले, भाग्यवान माणूस." कसलं भाग्य! मला त्या बोलण्याची चीड आली. पाव्हण्यानं उठायची वेळ ओळखावी म्हणायचा ना? मग असं न सांगता उठतं का कुणी? जिची खोली होती ती अजून जिवंत होती, तिनं कुठं सांगितलं होतं उठ म्हणून?

तिसरा दिवस व्हायच्या आतच पुढची काळजी दारात उभी. डोंगरावर आता जाणार कोण? सिस्टरबाई रोज येऊन दिव्याकडं बघून जायच्या. अखेर संस्थेनं माणूस पाठवला. इतके दिवस नव्हता, तो आता सापडला. आली ती रेश्मा, केजचीच, मन्मथच्या हाताखाली शिकलेली. तिनं वर जाऊन पेटीतल्या नोंदींसकट सगळं तपासलं आणि माझ्यापाशी येऊन बराच वेळ चहाचा कप नुसता धरून बसली. मग म्हणाली, "अक्का, त्या दिवशीचा बदल सरांनी केलेला न्हाई. खालच्या वस्तीवर लग्नाची हळद होती, तिथं बिनवायरचा माईक लागला. पेटीनं ऐकलं नि आपणहून खोली बदलली."

मला आधी कळलं नाही, नि मग कळलं. तो पोचून बदल करायच्या आधीच बसला होता. मी ज्याला उतर म्हणाले, ते यंत्र होतं. त्यानं शिकवलं तसं शहाण्यासारखं उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलेलं. माझा मनू तेव्हा होता की नव्हता, हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही. त्या दिवसापासून मी हिरव्यावर विश्वास ठेवत नाही. पेटी काढून न्या म्हणून सांगावंसं वाटतं, आणि कुणी तिला हात लावला तर त्याचा हात मोडावासा वाटतो.

रेश्मानं विचारलं, मागची खोली मिळेल का, डोंगराला वळसा घालून रोज केजहून येणं जमणार नाही. खाट तशीच होती, ढेपाही त्यानं सारल्या तशाच. मी म्हणाले, "रहा. पण मालक आला की उठायचं." दोघींनाही ते वाक्य कुठलं ते ठाऊक होतं. दोघीही हसलो नाही.

परवा ती पहिल्यांदा एकटी वर गेली. दुसऱ्याची लेक, नि मी पुन्हा मान वर करून फळीखाली उभी. तिला बजावलं होतं, दिव्याबिव्याचं मला सांगायचं नाही, फोन कर, तुझा आवाज ऐकव. दिवा पिवळा झाला. हिरवा झाला. मी काही बोलले नाही. मग फोन वाजला.

"अक्का, पोचले."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "उतर आता, मनू."

तिकडं वारा ऐकू येत होता. पोरगी नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "उतरते, अक्का."