मोठी अक्षरं

"तिले काऊन विचारता साहेब? ते तं बोलतच नाई."

हिशेब पाहणाऱ्या बाई साहेबांच्या केबिनमध्ये हळूच बोलल्या, पण दार अर्धं उघडं होतं आणि कूलर नेमका तेव्हाच बंद पडला होता. मी बाहेर माझ्या टेबलापाशी होते. साहेब हसले. बोलत नसली तरी लिहिते ना, म्हणाले, लिहून देऊ द्या. अशा रीतीने कंपनीची नवी वेबसाइट कोणत्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोणत्या तयार सांगाड्यावर, बांधायची हे सुचवायचं काम माझ्याकडे आलं.

कंपनी धानाच्या बियाण्याची. ऑफिस चंद्रपूरला, गोदाम सिंदेवाहीला, आणि माल घेणारे दुकानदार थेट कुरखेड्यापर्यंत पसरलेले. गोदामात कोणतं वाण शिल्लक आहे हे वेबसाइटवर बघून ते गाडी पाठवायचे. ती वेबसाइट भाऊंनी एकट्याने, कोणतंही फ्रेमवर्क न घेता, पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत हाताने लिहिलेली. भाऊ माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. आमचा दोघांचाच काय तो कॉम्प्युटर विभाग. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी वाक्य आधी मनात जुळवून मग बोलणारी. सगळं ऑफिस त्यावरून माझी चेष्टा करायचं. भाऊ वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे.

त्यांची कामाची एक रीत होती. दुकानदाराचा फोन आला की ते आवाजावरून माणूस ओळखत, कोणाला जय भीम, कोणाला जय सेवा म्हणत, आणि तो फोनवर असतानाच चालू वेबसाइटच्या फाइलमध्ये बदल करून टाकत. आधी दुसरीकडे तपासावं आणि मगच वर चढवावं, असं मी शिकले होते. एकदा तसं सुचवलंही. ते म्हणाले, तो माणूस आतल्या गावातून निघून रेंजसाठी टेकडीवर येऊन उभा आहे, त्याला थांब कसं म्हणू?

धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या दिवसांत अशाच एका फोनवर त्यांच्या हातून फाइलमधली एक ओळ पुसली गेली. संपलेलं वाण दिवसभर शिल्लक दिसत राहिलं. कुरखेड्याहून गाड्या आल्या आणि रिकाम्या परत गेल्या. दुकानदारांनी साहेबांना फोनवर नको नको ते ऐकवलं. साहेबांनी विचारल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, लक्ष नव्हतं. त्यावरूनच नवी वेबसाइट करायचं ठरलं.

खरं कारण मला माहीत होतं. त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं महिन्यामहिन्याला मोठी होत गेली होती. शेवटी शेवटी एका वेळी जेमतेम सात-आठ ओळी मावत. मी ते पाहिलंय हे त्यांनाही कळलं असावं, कारण एका दुपारी डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं. शुगर डोळ्यांत उतरली होती. गेलेली नजर परत येणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, साहेबांना सांगा ना. त्यांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"बेफिकीर मानसाले लोकं एक डाव माफ तरी करते, पोरी. न दिसनाऱ्याले कोन ठेवते?"

मी कोणाला सांगू नये असं ते म्हणाले नाहीत. मी काही सांगणारी नव्हेच, हे गृहीत होतं.

फ्रेमवर्क निवडताना लोक वेग बघतात, सुरक्षितता बघतात, माणसं सहज मिळतील का ते बघतात. मी तेही बघितलं. पण भाऊ चहाला गेले की मी त्यांच्या खुर्चीत बसायचे. शिलकीचं एकच पान मी रिॲक्ट, जँगो आणि लारावेल या तिन्ही फ्रेमवर्कमध्ये बनवलं होतं. ते पान तिथे उघडून, त्यांच्याएवढी अक्षरं करून मी वाचून बघायचे. रिॲक्टमध्ये कंसात कंस, त्यात पुन्हा पानाची मांडणी. बंद होणारा कंस खाली दिसेपर्यंत उघडलेला कधीच वर निघून गेलेला असायचा. जँगो मला स्वतःला आवडायचं. पण ते पायथन भाषेत, आणि पायथनमध्ये ओळीच्या डावीकडे किती जागा मोकळी सोडली यावर अर्थ ठरतो. मोकळी जागा त्यांना कशी दिसणार? लारावेल म्हणजे शेवटी त्यांचीच पीएचपी. फाइली लहान ठेवता येत होत्या. शिवाय शिलकीसाठी एक साधा फॉर्म केला की कोडला हात लावायची वेळच येणार नव्हती.

मी लारावेल लिहिलं. खाली कारणं दिली: होस्टिंग स्वस्त, जुन्या कोडचे काही भाग वापरता येतील, उद्या माणूस लागला तर मिळेल. सगळी खरी होती.

द्यायच्या आधी भाऊंना कागद आणि लारावेलमधलं पान दाखवलं. ते स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

"हे माह्यासाठी शोधून राह्यली का तू?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पहिली फाइल मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सावकाश, शाळेतल्या मुलासारखी. तिसरी ओळ त्यांनी वाचली ती फाइलमध्ये नव्हतीच. त्या जागी काय असायला हवं हे त्यांना ठाऊक होतं आणि तेच ते वाचत होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, बरोबर ना? मी हो म्हटलं. त्यानंतर बराच वेळ मी माझ्या स्क्रीनवर उगाच खाली-वर करत बसले.

मीटिंगमध्ये साहेबांनी माझे कागद वाचले आणि लगेच मान्य केले. लारावेल तर लारावेल. मला हलकं वाटलं, ते क्षणभरच. काम मी एकटीने करायचं, ते पुढे म्हणाले. भाऊंच्या हातात साइट पुन्हा द्यायची नाही. फोनवर गप्पा मारत काम करणारा बेफिकीर माणूस कंपनीला परवडत नाही, पुढच्या महिन्यापासून त्यांनी दुसरीकडे बघावं. हे सगळं भाऊंच्या समोर, आवाज न चढवता. हिशेबाच्या बाई खाली बघून पेनाचं टोपण काढत-लावत होत्या.

"हो साहेब," भाऊ म्हणाले. "चुकलंच माझं."

मी वाक्य जुळवू लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. भाऊंनी मान वळवली. बघू नकोस, बोलू नकोस, असंच काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी जिथे बसले असेन असं त्यांना वाटलं, त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"साहेब," मी म्हटलं, "भाऊ बेफिकीर नाहीत. त्यांना दिसत नाही."