गिरवलेली सही

सोळा वर्षांच्या धाकटीने आपण कलाकार आहोत असं परस्पर ठरवून टाकलं. गिटार महिनाभरात धूळ खात पडली, मातीचे कप गळले. मग चित्रकला. मासिकातलं चित्र खिडकीच्या काचेवर धरायचं, वर कागद ठेवून गिरवायचं, झाली कला! बाबांनी तर एक चित्र फ्रेम करून बैठकीत टांगलं.

घरी आलेल्या मावशीने चित्रासमोर चष्मा सावरला. "खाली ही सही कुणाची गं?"

गिरवण्याच्या भरात धाकटीने चित्रकाराची सहीसुद्धा गिरवली होती.

"माझीच. टोपणनाव आहे."

"ऐटबाज आहे हो! मलाही एक काढून दे. सही विसरू नकोस."

संध्याकाळी दार लावून ती त्या परक्या सहीचा सराव करत बसली. काचेशिवाय तीही धड जमेना.