मागच्या फाटकाचं कुलूप

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. दातांत रेती कचकचत होती. सावकाशने रुग्णवाहिकेची काच पुसावी आणि वाऱ्याने ती पुन्हा माखून ठेवावी, असं चाललं होतं. तो चरफडत होता, पण फडकं खाली ठेवत नव्हता. ते ठेवलं की शेजारी उभ्या मेहुण्याकडे बघावं लागलं असतं.

सावकाश हे त्याला दवाखान्याने ठेवलेलं नाव. मागे बाळंतीण झोपलेली असली की प्रत्येक स्पीडब्रेकरला हा मान वळवून म्हणायचा, "सावकाश हं ताई, सावकाश." जणू गाडी तीच चालवतेय. नर्सा तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याआधी तो मालट्रकवर होता, तोंडात कायम शिव्या. बाळंतिणींनी ह्याला माणसात आणलं, असं बायको कौतुकाने सांगायची. आता ती त्याच्यापुढे ताट आदळायची. कारण तिचा भाऊ त्याच दवाखान्याच्या मागच्या फाटकावर पहारेकरी होता.

झालं ते असं. सलूनवाल्याची बायको बाळंत झाली आणि रक्त थांबेना. तिला मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. सलूनवाला रक्ताची सोय करायला पुढे पळाला. पुढचा रस्ता गटारासाठी खणलेला, म्हणून सावकाशने गाडी मागच्या फाटकाशी नेली. फाटकाला कुलूप. किल्ली मेहुण्याच्या खिशात आणि मेहुणा कँटीनमध्ये चहा ढोसत गप्पा हाणतोय. हॉर्न वाजवून झाला, हाका मारून झाल्या. मेहुणा डुलत डुलत आला तेव्हा मागे बसलेली नर्स रडत होती. बाई वाटेतच गेली. सलूनवाल्याला इतकंच कळलं, की गाडीला उशीर झाला.

राज्याने तेव्हा नुकताच नवा कायदा केला होता. बाळंतपणात बाई दगावली की समिती अभ्यास करणार, कुठे चुकलं ते शोधणार. पण बाईचं नाव, गाव, सांगणाऱ्याचं नाव सगळं झाकायचं. कोर्टालासुद्धा ते मागता येणार नाही, आणि बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा. समितीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही." सावकाशने फाटकाचं सांगून टाकलं आणि तोंड बंद ठेवीन म्हणून सही केली.

मग अहवाल पेपरात आला. 'एका लहान शहरातील रुग्णालय, मागील फाटक कुलूपबंद, पहारेकरी जागेवर नाही.' शहाण्यांनी नावं खोडली आणि फाटक तेवढं ठेवलं. असं फाटक गावात एकच. सांगितलं कुणी, हे मेहुण्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

"पुसा, पुसा," मेहुणा म्हणाला. "गाडी चकचकीत पाहिजे. नात्याला काय, धूळ खाऊ दे."

"तुझी ड्युटी फाटकावर आहे."

"कसलं फाटक? कुलूपच काढून नेलं साहेबांनी. आता गाढवंसुद्धा आत येतात."

"तू रोज येतोसच की."

मेहुणा काहीतरी घाणेरडं बोलणार, इतक्यात सलूनवाला आला. खांद्यावर टॉवेल, हातात चुरगळलेला पेपर. गिऱ्हाईकाला फेसासकट खुर्चीत बसवून तो उठून आला होता.

"दुकानात एकाने हे वाचून दाखवलं," तो म्हणाला. "ही माझीच ना?"

"मला सांगता येत नाही. कायदा आहे."

"कुणाच्या भल्याचा?"

"तिच्याच. तिचं खाजगी बाहेर पडू नये म्हणून."

"तिचं खाजगी, आणि मला चोरून? तिच्या पोराचे लंगोट मी धुतोय."

"भाऊजी बरोबर बोलतायत," मेहुणा मध्ये घुसला. कित्येक दिवसांत त्याने पहिल्यांदा भाऊजी म्हटलं, वर खांद्यावर हातही टाकला. "कायद्यापुढे त्यांचा तरी काय इलाज?"

तो हात खांद्यावर पडला आणि सावकाशच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने तो झटकला.

"तीच होती," तो म्हणाला. "फाटक बंद होतं. किल्ली ह्याच्याकडे होती, आणि हा चहा पीत होता. खोलीत बसून समितीच्या बाईंना मी हेच सांगितलं."

"आत जाशील," मेहुणा गुरगुरला. अहो-जाहो संपलं. "आणि ताईला मी आजच घेऊन जातो."

"जा घेऊन. ताटं तरी वाचतील."

मेहुणा फोन कानाला लावत निघून गेला. सलूनवाल्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणून दाढीला यायचा बंद झालास," तो सावकाशला म्हणाला. "मला वाटलं, माझं तोंड बघवत नसेल तुला. परक्या बाईला खोलीत बसून सांगितलंस. मी समोरच होतो की रोज, वस्तरा घेऊन."

सावकाश फडक्याची घडी घालत राहिला.

"फाटक तोडून का नाही नेलीस गाडी?"

समितीत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सुचलं नाही."

"ट्रक चालवायचास ना तू?"

"हो."

सलूनवाला बाजूला थुंकला. "गिऱ्हाईकाचा फेस वाळला असेल," म्हणाला आणि वाऱ्यात डोळे बारीक करून चालू लागला. पेपर त्याने गाडीच्या बोनेटवर टाकला होता, तो वाऱ्याने उडाला आणि गटाराच्या खड्ड्यात जाऊन पडला.

वॉर्डाच्या खिडकीतून नर्सने आवाज दिला, गाडीतला ऑक्सिजन संपत आलाय, बदलून ठेव. सावकाशने मागचं दार उघडलं. पाना लावून नळी सोडवली, सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि भरलेलं आणायला तो कोठीकडे निघाला.