वहिनींच्या आढीत माझा हात

"साडी वर घे," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे बघूनसुद्धा नाही. मग माझ्याबरोबर कामाला असलेल्या सुगंधाला म्हणाल्या, "तू बघ गो हिचं. आणि खरं सांग मला."

आंब्याच्या खोलीमागची जागा. चिऱ्याची भिंत, रिकाम्या पेट्यांची चळत, आणि मी. भिंतीपलीकडे गडी पेट्यांना खिळे मारत होते. ते थांबले. सगळं ऐकत होते मेले.

मी साडी वर घेतली.

आता तुम्ही म्हणाल, घेतलीस कशाला? ऐका. नवरा जाऊन थोडीच वर्षं झालेली. पोरगा शाळेत. चैत्र-वैशाखात हापूस उतरतो तेवढे दिवसच आमच्या वाडीतल्या बायांच्या हातात चार पैसे. त्या बागेत काम म्हणजे वहिनींच्या हातचं काम. वहिनी म्हणजे बागायतदारांची बायको. सगळ्या रत्नागिरीत त्यांच्या आंब्याचं नाव.

आमचा हात त्यांच्या पाण्याला चालत नव्हता. आम्ही बौद्धवाडीतल्या. वहिनी तांब्यानं वरूनच ओंजळीत पाणी ओतायच्या. पण आंब्याला आमचा हात चालायचा. कच्चा आंबा पेंढ्यात रचायचा, वर पेंढा, परत आंबा, अशी आढी लावायची. पिकायला लागला की एकेक हातात घेऊन, वास घेऊन, वेगळा काढायचा. हे काम त्यांच्या घरातल्या बायांना जमत नव्हतं, वाकून वाकून कंबर मोडते.

तर आमचा हात चालायचा, पण रोज नाही. सकाळी खोलीच्या दारात वहिनी उभ्या. एकेकीला विचारायच्या, "बाहेरची नाहीस ना गो?" पाळी आलेली असली तर आत यायचं नाही. अंगणात काजूखाली बसून पेंढा झाडायचा, अर्ध्या मजुरीवर. येणारे-जाणारे गडी, गाडीवाले, दलाल, सगळ्यांना कळायचं, आज ही काजूखाली बसलेय. एक दलाल तर हसून म्हणायचा, "काय, आज सुट्टी वाटतं?" थूऽ!

विटाळशीचा हात लागला की आंब्यात साका होतो, असं वहिनींचं म्हणणं. साका म्हणजे आंबा वरून सोन्यासारखा, कापलात की आत पांढरट, आंबट गोळा. तो झाडावरच होतो, उन्हाच्या तावानं. हे बागेतल्या पोराटोरांना माहीत होतं, वहिनींनाही होतं. पण त्या वर्षी साका फार निघाला, मुंबईहून पेट्या परत आल्या, आणि कुणाच्या तरी अंगावर घालायला हवं होतं.

माझ्या अंगावर घातलं. का, तर मी त्या हंगामात एकदाही काजूखाली बसले नव्हते.

"लपवतेस तू," वहिनी म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत एकदाही नाही? मला काय खुळी समजतेस?"

मी म्हटलं, "वहिनी, येतच नाय. खरंच नाय येत."

म्हणून ती भिंत, ती चळत, ती साडी.

सुगंधानं बघितल्यासारखं केलं. मान खाली घालून म्हणाली, "नाय वहिनी. काय नाय."

वाटलं, सुटले. कुठली सुटते! वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं तोंड तेव्हा सुजलेलं, अंग जड झालेलं. आणि गडी ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, "येत नाही म्हणजे? मग कुणाचं वाढवतेस गो पोटात?"

विधवा बाईला. भर दुपारी.

मी साडी खाली सोडली, पदर सावरला. त्या शब्दाची आग अजून आहे. चालत घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी माझ्याआधी पोचलेली. माझ्या पोराला शाळेत विचारलं, तुला भाऊ होणार ना?

आणि आता ती गोष्ट सांगते जी सुगंधानं मला कितीतरी दिवसांनी सांगितली. त्या दुपारी बाहेरची होती ती. मला बघायला जिला लावलं ती! तिचं रक्त थांबतच नव्हतं. महिना-महिना जायचं. महिन्याचे चार दिवस दाखवायला काजूखाली बसायची, बाकी रोज कपड्यावर कपडा बांधून त्या दारात "नाय वहिनी" म्हणायची, कारण रक्त जाईल तेवढे दिवस बसली असती तर सगळा हंगाम तिथंच गेला असता. दारात खोटं, मग घरातही खोटं, सासूला खोटं, शेवटी दवाखान्यातसुद्धा खोटं. पांढरीफटक पडली, जिना चढताना धाप लागायची, माती खावीशी वाटायची. कळलं तेव्हा तिची पिशवीच काढावी लागली. पोर व्हायच्या वयात. तिला पोर नाही झालं.

या हिशोबात कुणाला धरायचं? मी वहिनींना धरते.

माझं म्हणाल तर पुढच्या पावसाळ्यात पोरगाच मला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मला उठवत नव्हतं. श्रावणात गोधडी घेऊन बसायचे, केस झडून भांग रुंद झालेला, पोट साफ नाही, आवाज घोगरा. डॉक्टरीण तशी पोरगीच होती. तिनं विचारलं, "मावशी, पाळी कशी येते?"

आणि बघा सवय! माझ्या तोंडातून निघालं, "नाय नाय, बाहेरची नाय मी. बसू का?"

ती गोंधळलीच. मग पेन खाली ठेवलं तिनं. म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला बाहेर काढायला नाही विचारत. तुमची तब्येत कळावी म्हणून विचारतेय."

मला रडू फुटलं. रडू कशाचं? संतापाचं. कारण तोवर माझ्या पाळीची चौकशी माझ्यासाठी कुणी केलीच नव्हती. सगळ्यांनी केली ती आंब्यासाठी, लोणच्यासाठी, देवासाठी.

गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती, म्हणून पाळीही थांबलेली. सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आणि तिनं मला समजावलं ते मी घोकून ठेवलं. शरीरातली ही हार्मोनं नीट चालली असली की बाईला आपलं आपल्याला कळतं. पाळी साधारण आपल्या वेळेला येते, थोड्या दिवसांत आटपते, बाईला आडवं पाडत नाही. रात्री झोप लागते, सकाळी उठल्यावर अंगात जोर असतो. भूक लागते, पोट साफ होतं, केस जागेवर राहतात, कारण नसताना वजन चढत-उतरत नाही, उगाच रडू येत नाही. एखाद्या महिन्यात मागंपुढं झालं तर घाबरायचं नाही. पण असंच चालू राहिलं तर लपवायचं नाही. डॉक्टरकडे जायचं.

लपवायचं नाही! आमचं आख्खं आयुष्य कशावर उभं होतं मग?

गोळीनं अंग हलकं झालं. हंगाम आला. आणि एका सकाळी माझी पाळी आली. वेळेवर, लालभडक. मी न्हाले, केस विंचरले, आणि बागेत गेले.

दारात वहिनी. "तू? तुला कुणी बोलावलं?" मग सवयीनं, "बाहेरची नाहीस ना?"

"आहे," मी म्हटलं. "आजच आलेय. पहिला दिवस."

त्यांना कळायच्या आत मी आत होते. पहिल्या आढीत हात घातला, कोपरापर्यंत. मग दुसरीत. मग तिसरीत. एकही सोडली नाही. देवापुढं ठेवायला वेगळी काढलेली पेटी होती, तिच्यातला आंबा उचलला, वास घेतला, परत ठेवला. गडी दारात जमले. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वहिनी, सगळ्याला हात लावलाय मी. आता द्या टाकून. सगळा आंबा उकिरड्यावर द्या टाकून!"

वहिनींचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

टाकला? छे. दुसऱ्या दिवशी तोच आंबा गाडीत चढला. आणि ती पेटी देवापुढं ठेवलीसुद्धा, सुगंधानं डोळ्यांनी बघितली. त्यांचा विटाळ नुकसानीपाशी येऊन संपला. तेव्हा मला समजलं, त्यांचा यावर कधी विश्वासच नव्हता. आम्हाला काजूखाली बसवायचं होतं, एवढंच.

आता मी म्हातारी. वहिनी अंथरुणाला आहेत म्हणतात. बाग त्यांची सून बघते. गणपतीपुळ्याला येणारे पाहुणे तिच्या बागेत आंबे बघायला येतात, फोटो काढतात. यंदा हंगामाच्या तोंडावर ती स्वतः गाडी घेऊन वाडीत आली. बाया मिळत नाहीत म्हणून.

"मावशी, जुनं काढू नका ना आता," ती म्हणाली. "तेव्हाची माणसं तशी होती."

मी विचारलं, "तुम्ही दारात विचारता की नाही?"

"म्हणजे... फक्त खोलीपुरतं. सासूबाईंना बरं वाटतं म्हणून."

"मग खोलीपुरतं आमचं येणं बंद."

मागून आमच्या वाडीतली एक तरुण सून कुरकुरली, "तुझं ठीक आहे गो आजी, तुझा पोरगा मुंबईतून पाठवतो. आमी काय खायाचं?" बरोबर आहे तिचं. म्हणून मी नुसतं बोलून राहत नाही. तिला घेऊन दोन बागा हिंडले, जिथं दारात कुणी काही विचारत नाही. तिथं लावली तिला. बाकीच्यांनाही लावतेय.

आणि मुलींना घेऊन बसते मी, आमच्या विहारात, सुगंधाला शेजारी बसवून. पाळी कशी, झोप कशी, भूक कशी, मोठ्यानं विचारते, मोठ्यानं सांगायला लावते. सुगंधा आपलं सगळं सांगते. मुली पहिल्यांदा लाजतात, मग बोलतात. एकीचं बिनसलेलं त्यातूनच कळलं, वेळेवर औषध सुरू झालं.

लोक म्हणतात, म्हातारीनं आता माफ करावं. नाही करत. त्या बागेतला हापूस यंदा पेंढ्यातच काळा पडू दे, वास सुटू दे, वहिनींच्या खाटेपर्यंत जाऊ दे. आमच्या वाडीतली एकही बाई तो वेचायला जाणार नाही. मी गेल्यावरही नाही. तेवढ्या पोरी मी तयार करून ठेवल्यात.