वनितावहिनींचा लेथ

लेथवर कुणी उघड्या डोळ्यांनी वाकलेला दिसला की वनितावहिनी आधी थोबाडीत मारायच्या आणि मग गॉगल हातात द्यायच्या. पनवेलजवळ कोन गावात त्यांची शेड होती. तिथे मी लेथवर लोखंडी भाग कातणारा टर्नर म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी मला त्यांच्या हाताचा प्रसाद मिळाला. राग आला, पण गॉगल चढवून कामाला लागलो. त्यांच्या नवऱ्याचं काय झालं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

त्यांचा नवरा भरत म्हात्रे त्याच लेथवर गेला. काम झटपट उरकतं म्हणून त्याने कापायच्या हत्याराला सिरॅमिकचं टोक लावलं होतं. कातायच्या लोखंडी दांड्याला, शाफ्टला, खाच होती आणि प्रत्येक फेऱ्याला तिची कड टोकावर आदळत होती. टोक फुटलं, तुकडा भरतच्या गळ्यात घुसला. वहिनींनी पदराने जखम दाबून धरली. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची साडी भिजून जड झाली होती आणि भरत संपला होता.

तेव्हापासून हत्यारं त्याच निवडायच्या. सोनेरी मुलामा दिलेली कार्बाइडची टोकं विक्रेता कौतुकाने दाखवायचा. वहिनी ती खाच नसलेल्या, सलग कापाच्या कामाला घेत, पण सांगायला विसरत नसत, “सोन्याचा रंग ताप सोसतो, दणका नाय.” खाचेच्या कामाला मात्र साधं हायस्पीड स्टील. नावात स्पीड असला तरी वेळ लागायचा, गिऱ्हाइकं कुरकुरायची. “ते झिजेल, पण आंगावर येनार नाय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

अंगावर यायचा तो त्यांचा धाकटा दीर रवी. शेडची जागा त्याला बिल्डरला द्यायची होती. एका दुपारी तो पिऊन आला. हातोड्याने टोकांचे डबे फोडले, अडवायला गेलो तर मला भिंतीवर आपटलं, आणि वहिनींना केसांना धरून फिरत्या लेथवर वाकवलं. कागदावर सही करतेस की तोंड आत घालू, असं विचारत होता. वहिनींनी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. पकड सुटली, त्याचा तोल गेला आणि शर्टाची बाही शाफ्टभोवती गुंडाळली. हाडं मोडल्याचा आवाज मशीनच्या आवाजातही मला ऐकू आला. मग वहिनींनी पायाचा ब्रेक दाबला.

रवी वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. वहिनीने ब्रेक मारला म्हणून जगलो, असं तो येईल त्याला सांगायचा. वहिनी रोज त्याला भाकरी आणि मासळीचं कालवण घेऊन जायच्या. गावाने त्यांना देवी करून टाकलं. मीही एकदा म्हणालो, दुसरी कुणी असती तर मरू दिला असता.

त्या डबा घासत होत्या. हात थांबले.

“माजा पाय ब्रेकवरच व्हता,” त्या म्हणाल्या. “बाही गुतली तवापासून. मी दाबला नाय. हाड मोडल्यावर दाबला.”

पुन्हा आम्ही त्यावर कधी बोललो नाही. गेल्या वर्षी वहिनी तापाने गेल्या. रवीनेच डाव्या हाताने त्यांना अग्नी दिला, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.